हार्ड डिस्कची पोच

सरकारी कार्यालयातील हार्ड डिस्क खरेदीची कोणतीही नस्ती उघडून पाहावी. मागणीपत्र असते, दरांचा तुलनात्मक तक्ता असतो, वित्त शाखेची सहमती असते आणि शेवटी 'माल सुस्थितीत मिळाला' या शिक्क्याखाली एक सही असते. सही करणाऱ्याने खोकी मोजलेली असतात. डिस्क संगणकाला जोडून पाहिलेली नसते. ज्या वस्तूत पुढील पाच वर्षे सेवापुस्तके, निवृत्तिवेतनाची प्रकरणे आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचे तक्ते राहणार आहेत, तिची परीक्षा आपण पंख्यापेक्षाही ढिलाईने करतो. पंखा निदान बटण दाबून फिरवून तरी पाहिला जातो.

याचा दोष न्यूनतम दराच्या नियमावर ढकलण्याची आपल्या सेवेत प्रथाच पडली आहे. 'एल-वन घ्यावाच लागतो, काय करणार?' हे वाक्य मी गुवाहाटीत ऐकले आहे आणि तिरुवनंतपुरममध्येही. ते अर्धसत्य आहे. नियमाला अभिप्रेत असलेला न्यूनतम दर तांत्रिक निकषांत उतरलेल्या निविदांमधील असतो, आणि निकष लिहिणे हे आपले काम आहे. '४ टेराबाइट, ३.५ इंच, साटा' एवढेच लिहून आपण मोकळे झालो, तर घरगुती संगणकाची डिस्क आणि अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क नियमाच्या दृष्टीने एकच वस्तू ठरते. मग स्वस्त असेल ती जिंकते. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी हेच दाखवले होते: ग्राहकाला गुणवत्ता ओळखता येत नसेल, तर चांगला माल बाजारातून मागे हटतो. आपल्या बाबतीत गुणवत्ता ओळखता येत नाही असे नाही. आपण ती विचारतच नाही.

काय विचारावे? वर्षाला किती टेराबाइट वाचन-लेखनासाठी डिस्क बनवली आहे, हे पहिले. घरगुती डिस्कसाठी हा आकडा साधारण ५५, साठवण-संचाच्या डिस्कसाठी १८०, तर सर्व्हरच्या डिस्कसाठी ५५० असतो. दुसरे म्हणजे लेखनाची पद्धत. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधला पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेड संचात एक डिस्क मेली आणि तिच्या जागी ही कौलारू डिस्क बसवली, की संच पुन्हा उभा राहताना हे दुखणे उघड होते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, साठवण-संचासाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेत २ ते ६ टेराबाइटच्या डिस्क या पद्धतीच्या असल्याचे उघडकीस आले. खोक्यावर तसा उल्लेख नव्हता. विनिर्देशात एक ओळ घातली असती, तर खरेदीदाराला जाब तरी विचारता आला असता. यात कोणत्याही ब्रँडचे नाव घ्यावे लागत नाही, त्यामुळे लेखापरीक्षकालाही आक्षेपाला जागा उरत नाही.

तिसरा प्रश्न अखिल भारतीय निविदा काढणाऱ्यांसाठी. डिस्कचे वाचनशीर्ष फिरत्या तबकडीवर हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगते. हवा विरळ झाली की हा आधार कमी होतो, म्हणून बहुतेक उत्पादक वापराची कमाल उंची सुमारे ३,०४८ मीटर देतात. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. दिल्लीत बसून एकच विनिर्देश लिहायचा आणि तीच डिस्क चेन्नईला व लेहलाही धाडायची, याला समानता म्हणत नाहीत. तिथे एसएसडीच हवी. (मात्र ती माहिती भरून कपाटात ठेवून देण्याची वस्तू नव्हे, वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिली, तर तिच्यातील माहिती विरू शकते.)

आणि 'एमटीबीएफ' हा आकडा! पत्रकावर २५ लाख तास लिहिलेले असते. एका टिपणीत याचा अर्थ '२८५ वर्षांचे आयुर्मान' असा लावलेला मी वाचला आहे, त्यावर तीन सह्या होत्या. या आकड्याचा अर्थ एवढाच की शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर सरासरी ०.३५ बिघडाव्यात, आणि तोही उत्पादकाचा दावा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या श्रोडर आणि गिब्सन यांनी २००७ मध्ये प्रत्यक्ष वापरातील सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. पत्रकांनुसार वार्षिक प्रमाण फार तर ०.८८ टक्के असायला हवे होते. डिस्क बदलाव्या लागल्या त्या सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत.

आता पोच देण्याविषयी. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये माल स्वीकारताना तो मोजावा, डोळ्यांनी तपासावा आणि आवश्यक तेथे तांत्रिक तपासणीही याच टप्प्यावर करावी, असे सांगितले आहे. 'आवश्यक तेथे' या दोन शब्दांत आपण सगळे सुखाने झोपलो आहोत. डिस्कची तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. 'स्मार्टसीटीएल' आणि 'बॅडब्लॉक्स' हे दोन विनामूल्य प्रोग्रॅम पुरतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने एकदा पूर्ण लिहायला साडेसात तास लागतात, आणि वाचायला तितकेच. चार वेगवेगळ्या नमुन्यांनी लिहून-वाचून पाहायचे तर सुमारे अडीच दिवस. माणूस समोर बसावा लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी निकाल पाहता येतो.

'वापरलेले तास' हा आकडाही पाहावा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. २०२५ च्या आरंभी युरोपात, विशेषतः जर्मनीत, सीगेटच्या वापरलेल्या डिस्क तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे आढळले. डिस्कमधील 'फार्म' नावाची दुसरी नोंद पुसायची राहिली होती, म्हणून हजारो तासांचा जुना वापर उघड झाला. आपल्या भांडारात अशी खोकी आली तर आपण काय करू? मोजू.

काही सहकारी म्हणतात की चाचणीने भविष्य कळत नाही. बरोबर आहे. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती. पण त्याच अभ्यासात हेही आहे की पहिली स्कॅन-त्रुटी दिसलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणून माहितीची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवीच, आणि त्रुटी दाखवणारी डिस्क पुरवठादाराकडे परत जायलाच हवी. एकामुळे दुसऱ्यातून सूट मिळत नाही.

उलट टोकही आहे. धडधाकट डिस्क 'कंडेम' होते. (महाराष्ट्रात याला निर्लेखन म्हणतात, बाहेर हा शब्द कोणाला कळत नाही.) एका विभागीय कार्यालयात माझ्यासमोर निर्लेखनाच्या प्रस्तावात अकरा डिस्क आल्या. स्मार्टच्या नोंदीतील १९९ क्रमांकाचा आकडा वाढलेला, पण ५, १९७ आणि १९८ शून्य. १९९ ही डिस्क आणि संगणक यांच्यातील दळणवळणाची त्रुटी. दोष बहुधा केबलचा. केबल बदलल्या आणि नऊ डिस्क पुढे विनातक्रार चालल्या. बिघाडाचे कारण लिहायला जडवस्तू नोंदवहीत रकानाच नसल्यामुळे हे कोणाला विचारावेसे वाटले नव्हते.

उरलेल्या दोन डिस्क हमीच्या मुदतीत होत्या. बदली हवी तर जुन्या परत करा, असे पुरवठादाराचे म्हणणे. त्यात दोन हजारांवर कर्मचाऱ्यांची बँक खाती आणि वैद्यकीय देयके होती. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. 'बिघडलेली डिस्क खरेदीदाराकडेच राहील' हे कलम निविदेत घालता येते, त्याचा दरही मागवता येतो. ते घातलेले नव्हते. मी बदलीवर पाणी सोडले, दोन्ही डिस्कना ड्रिलने भोके पाडून घेतली आणि अनुक्रमांकासह तशी नोंद केली. लेखापरीक्षणाने त्यावर आक्षेप घेतला: हमीचा लाभ का घेतला नाही?