सेल, सोल्ड, सोल्ड : कर्ता कोण?

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या कुठल्याही क्लासमध्ये क्रियापदांचा तक्ता असतोच. जबलपूर असो की नागपूर, तक्ता तोच. बाय, बॉट, बॉट. सेल, सोल्ड, सोल्ड. पाठ करायला सोपा. खाली उदाहरण : दूधवाला दूध विकतो. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य पूर्ण झालं. पण ते दूध घेतलं कोणी, आणि कोणाच्या हातचं घेतलं, हे तक्ता सांगत नाही.

आपल्या घरांत हे क्रियापद उशिरा आलं. मराठीत 'बाय'साठी आपण 'विकत घेणे' म्हणतो, म्हणजे त्यातही विकणं आहेच. बलुत्यात मात्र विकणंच नव्हतं. महारानं गावकीची कामं करायची, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावे पोचवायचे, आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचं. कामाला भाव नव्हता. भाव नाही तिथं घासाघीस नाही, आणि 'या भावात जमत नाही' म्हणायची सोयही नाही. म्हणून गिरणीत मजुरी विकायला मिळणं ही आपल्या आज्या-पणज्यांसाठी एक सुटका होती. तीही अर्धीच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ चालत नसे. श्रम विकायला बाजार खुला, पण खातं जातीनं ठरलेलं.

आता आपल्याला नवा धडा दिला जातो : 'सेल युअरसेल्फ'. प्लेसमेंटच्या शिबिरात प्रशिक्षक टाय लावून सांगतो, स्वतःला विकायला शिका. (वस्तीत 'विकाऊ' ही शिवी आहे, हे त्याला कोण सांगणार.) नोकरी लागली नाही, तर दोष तुमच्या आत्मविश्वासाचा, उच्चाराचा, बसण्याच्या पद्धतीचा. घेणाऱ्याचा दोष या शिबिरात कधी निघत नाही.

बाबासाहेबांचं उच्चारावाचून अडलं होतं का? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटलं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हाही तेच. चहात काही खोट नव्हती. शेवटी शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. एक कप चहा विकला जाण्यासाठी छत्रपतींना दारात यावं लागलं.

जुन्या गोष्टी म्हणून हे सोडून द्यायचं असेल तर जुलै २०१९ मधलं जबलपूर आठवा. इथल्या एका ग्राहकानं झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली, कारण जेवण आणणारा हिंदू नव्हता. आणि हे त्यानं ट्विटरवर स्वतःच जाहीर केलं. कंपनीनं उत्तर दिलं की अन्नाला धर्म नसतो. देशभर टाळ्या पडल्या. त्याच कंपनीनं मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश आणला. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गणवेश मागे घेतला, वेगळा ताफा ठेवला. यात प्रश्न धर्माचा, जातीचा कुठे, असं कोणी विचारेल. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, हे या देशाला कोणी शिकवलं? जातीनंच. ते हत्यार पुढे मुसलमानावर चालवलं जातं, एवढंच.

'ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य आहे' हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण चवीपुरता. ज्यानं डबा उघडलाच नाही, त्यानं काय निवडलं? नाव. म्हणून तर २०२४ च्या कांवड यात्रेत उत्तर प्रदेशात खानावळींवर मालकांची नावं लावायचा हुकूम निघाला, आणि सर्वोच्च न्यायालयाला तो २२ जुलैला स्थगित करावा लागला.

कायद्यानं घेणाऱ्याची बाजू आधी सांभाळली. संविधानाच्या कलम १५(२) नं दुकानं, हॉटेलं सर्वांना खुली केली. संविधान सभेत बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचं सांगितलं, सेवा देणारेही त्यात आले. म्हणजे न्हावी आपल्याला नाकारू शकत नाही. पण आपण न्हाव्याचं दुकान टाकलं तर? गिऱ्हाईकानं आत यावंच, असं कोणतं कलम सांगणार? आर्थिक बहिष्काराविरुद्ध शिक्षेची मागणी बाबासाहेब गोलमेज परिषदेच्या काळापासून करत होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा स्पष्ट शब्दांत आला २०१५ च्या दुरुस्तीनं, अंमल २६ जानेवारी २०१६ पासून. गावानं मिळून दुकान टाळलं तर हे कलम लावता येतं. एकेकट्यानं, काही न बोलता, मोबाइलवर अंगठा दाबून टाळलं तर पुरावा कुठून आणायचा?

त्यामुळे 'नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा' असं आरक्षणाच्या विषयावर कोणी ऐकवलं की मला संताप येतो. धंदा करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानंच मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायला काढली, हे धाडस मोठं आहे. पण सरकारी जागा आटवत न्यायच्या आणि आपल्याला त्या बाजारात ढकलायचं, जिथं आडनाव हाच भाव, ही फसवणूक आहे.

खासगी नोकरीत आडनाव चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास आहे. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी बोलावणी आली. अर्जात उच्चार ऐकू येत नाही, टाय दिसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजच्या प्लेसमेंट विभागानं 'स्वतःला विका' म्हणून शिबिर भरवलं, तर शेवटच्या प्रश्नोत्तरात हात वर करा आणि तक्ता मागा : गेल्या पाच वर्षांत किती अर्ज गेले, कोणत्या प्रवर्गाचे, पहिल्या फेरीला कोणाला बोलावलं, कोणाला नाही. तोंडी टाळलं तर लेखी मागा. कॉलेज सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.