बाटलीतलं इन्सुलिन, पेनमधलं इन्सुलिन

मंडळी, घरात कोणी ग्लार्जिन इन्सुलिन घेत असेल, तर खोक्यातला कागद एकदा वाचाच. लँटस या मूळ औषधाच्या बाटलीत पॉलिसॉर्बेट २० असतं, मिलिलीटरमागे २० मायक्रोग्रॅम. पेनच्या कार्ट्रिजमध्ये ते नसतं. इन्सुलिन मात्र तेच!

फरक हवेचा. प्रथिनाचा रेणू म्हणजे घडी घातलेली साखळी. बाटलीत वर हवा असते. ती हलली की हवा-पाण्याच्या सीमेवर घडी उलगडते आणि उलगडलेले रेणू एकमेकांना धरून गुठळ्या करतात. औषध गढूळ होतं. अशा गुठळ्यांमुळे शरीर कधी कधी औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाचे लांबचे भाऊबंद, ती सीमा आधीच अडवतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी. कार्ट्रिजमध्ये हवाच जेमतेम.

पण सर्फॅक्टंट कोणता, आणि कोणत्या ग्रेडचा? जीनोम व्हॅलीत नोकरीची स्वप्नं पाहणाऱ्या आपल्या हैदराबादी पोरांनी इथे लक्ष द्यावं. पॉलिसॉर्बेट ८० हा एक रेणू नाही, खिचडी आहे. त्यातल्या फॅटी ॲसिडांपैकी किमान ५८ टक्के ओलेइक हवं, असं युरोपचं फार्माकोपिया सांगतं. चीनमध्ये इंजेक्शनच्या ग्रेडला ९८ टक्के लागतं. म्हणजे ५८ च्या नियमात बसणारे दोन पुरवठादारांचे माल बरेच वेगळे असू शकतात. (नुसतं ‘किमान’ लिहिलेल्या स्पेसिफिकेशनने काय होतं, ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा.)

मग सरळ ९८ वालं घ्यावं? मला तरी ते इतकं सोपं वाटत नाही. ओलेइकच्या दुहेरी बंधापाशी ऑक्सिजन घुसतो, पेरॉक्साइड तयार होतात आणि ज्याला वाचवायचं त्याच प्रथिनाला खराब करतात. पॉलिसॉर्बेट २० मधलं लॉरिक ॲसिड त्या बाबतीत सोशिक. पण ज्या पेशींत औषध वाढवलं त्यांचं लायपेज हे एन्झाइम कणभर जरी उरलं, तरी दोन्ही पॉलिसॉर्बेट हळूहळू तुटतात; सुटलेली फॅटी ॲसिडं फ्रिजच्या थंडीत कण होऊन तरंगू लागतात. हिमोफिलियावरच्या एमिसिझुमॅबमध्ये पोलॉक्झामर १८८ वापरलंय. त्यात लायपेज तोडेल असा एस्टर बंधच नाही. मात्र सीमा अडवण्यात ते अनेकदा पॉलिसॉर्बेटपेक्षा कमी पडतं. त्यामुळे प्रत्येक औषध हलवून, तापवून, महिनोन् महिने ठेवून बघावंच लागतं.

घरी आपल्या हातात एवढंच: ग्लार्जिन गदागदा हलवायचं नाही, आणि ते पाण्यासारखं स्वच्छ दिसत नसेल तर टोचायचं नाही. एनपीएच इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, त्याला हा नियम लावू नका.