चिनी मालाला दार उघडे, चिनी जाणणाऱ्याला बंद

परभणी जिल्ह्यात तुती लावून रेशीमकोष काढणाऱ्या शेतकऱ्याचे दैव बऱ्याच अंशी चीनच्या हाती आहे. तिकडचे कच्चे रेशीम स्वस्तात उतरले की कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात त्याच्या कोषाचा भाव नरमतो. जिल्ह्याने ज्यावर भिस्त ठेवली ते सोयाबीन मूळचे चीनचेच, आणि पिकावर फवारल्या जाणाऱ्या औषधांतील कितीतरी मूळ रसायनेही तेथूनच येतात. ज्या देशाशी येथल्या संसाराचा असा रोजचा संबंध, त्याची भाषा पदवीपर्यंत शिकावी असे जिंतूर-सेलूकडील एखाद्या तरुणाने मनात आणले, तर त्याला दिल्ली, वाराणसी नाहीतर शांतिनिकेतन गाठावे लागते. बापाने कर्ज काढून त्याला तेथवर पाठविलेही, पुढे काय?

पुढे कंपन्या वाटच पाहत आहेत, असे सांगणाऱ्यांची वाण नाही. पण त्यांच्या आश्वासनाचे आयुष्य किती, हे महाराष्ट्राने एका रात्रीत पाहिले आहे. 15 जून 2020 रोजी राज्य शासनाने चिनी कंपन्या व त्यांचे भागीदार यांच्याशी सुमारे 5,000 कोटी रुपयांचे तीन करार केले. तळेगावच्या मोटार कारखान्यासाठी ग्रेट वॉल मोटर्सचे 3,770 कोटी त्यांतच होते. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले. करार गुंडाळून ठेवले गेले आणि तळेगावचा कारखाना अखेर ह्युंदाईकडे गेला. त्या करारांच्या भरवशावर ज्यांनी चिनी अक्षरे गिरवायला घेतली असतील, त्यांची विचारपूस कोणत्या खात्याने केली?

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस नवे शैक्षणिक धोरण आले. 2019 च्या मसुद्यात माध्यमिक शाळांसाठी सुचविलेल्या परकीय भाषांत चिनी होती. अंतिम धोरणातील यादीत कोरियन आहे, थाई आहे, पोर्तुगीज आहे, चिनी नाही. ही देशभक्ती मोठी चमत्कारिक म्हणावी लागेल. कारण भाषा यादीतून गेली तरी माल बंदरातून गेला नाही. 2023-24 मध्ये चीनहून झालेली आयात शंभर अब्ज डॉलरांच्या वर होती आणि पुढील वर्षी ती आणखी वाढली. आयातदाराच्या नफ्याला राष्ट्रीय अस्मितेची आडकाठी नाही. ती फक्त विद्यार्थ्याच्या पाठ्यक्रमाला आहे!

शत्रूची भाषा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी शत्रूशी बोलणी कोण करतो याचाही विचार करावा. 2023 साली प्रादेशिक सेनेने चिनी जाणणाऱ्या दुभाष्यांना सेवेत घेतल्याचे मोठे कौतुक झाले. त्यांची संख्या होती पाच. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासची सीमा, आणि पाच दुभाषे. सैन्यात आधीपासून भाषाशिक्षणाची सोय आहे हे खरे, परंतु बाहेरून माणसे घ्यावी लागली यातच त्या सोयीचे तोकडेपण दिसते.

एकेकाळी या राज्याची दृष्टी इतकी आखूड नव्हती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. पुण्यात प्राचार्य पु. वि. बापट यांनी पालीच्या अभ्यासासाठी चिनी आत्मसात केली. पेकिंग विद्यापीठात शिकलेले वसंत परांजपे 1954 साली नेहरू-माओ भेटीत दुभाषे होते. यांपैकी कोणालाही कॉल सेंटरच्या पाळीने घडविले नाही.

आज मात्र चिनीच्या पदवीधरापुढे मुख्यतः खाजगी कंपनीतील कंत्राटी भाषांतर, वस्तू खरेदीस जाणाऱ्या व्यापाऱ्याची दुभाषेगिरी किंवा तासिकेवरची शिकवणी एवढेच पर्याय उरतात, तेही बव्हंशी पुणे, गुरुग्राम, बंगळूर येथे. पत्रव्यवहाराचे साधे भाषांतर तर आता यंत्रच करू लागले आहे. 2025 मध्ये दोन्ही देशांतील थेट विमाने पुन्हा सुरू झाली, तशा या भाषेच्या जाहिरातीही पुन्हा झळकतील. सरहद्दीवर पुन्हा बंदूक उडाली की त्या उतरतील, आणि कर्जाचे हप्ते तेवढे परभणीत राहतील.

1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात येथल्या तरुणांनी नोकऱ्या मागितल्या, त्या कंपनीच्या कृपेवर जगण्यासाठी नव्हे. त्याआधी दोन वर्षे, 1972 साली, परभणीला कृषी विद्यापीठ मिळाले. सोयाबीन, कापूस आणि रेशीम या तिन्ही विषयांवर चीनमध्ये प्रचंड संशोधन होते आणि त्यातील बरेचसे चिनीतच छापले जाते. ते वाचून शेतकऱ्यापर्यंत मराठीत पोहोचविणारी कायम स्वरूपाची पदे याच विद्यापीठात निर्माण करावीत. न्हावाशेवा बंदरावरील सीमाशुल्क कार्यालयात, औषधे व कीटकनाशके तपासणाऱ्या प्रयोगशाळांत अशीच पदे हवीत, आणि ती भरताना ग्रामीण भागातील पदवीधरांची शिष्यवृत्तीपासूनची जबाबदारी शासनाने उचलावी. चीनहून येणाऱ्या मालावर सरकार जी जकात वसूल करते, तिच्या एका लहानशा अंशात हा खर्च सहज भागेल.