रखवाली कुणाची, कुणापासून?

जून उजाडला की मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून, कोकणातून आपली माणसे लेकींना घेऊन पुण्यात येतात. त्यांतली काही कर्वेनगरलाही येतात. मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, वसतिगृहे आहेत, गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्या आहेत. ॲडमिशनच्या खिडकीवर अब्बांचा पहिला प्रश्न फीचा असतो. दुसरा ठरलेला. "गेट पक्कं आहे ना? क्यामेरे आहेत ना?" प्राध्यापक कोण, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून हे भांडण आधी घरातल्यांशी आहे. विद्यापीठांच्या आवारात सुरक्षारक्षक वाढले, ओळखपत्राशिवाय आत पाऊल टाकता येईना, सभेला परवानगी, पोस्टरला परवानगी, आणि खुट्ट झाले की पोलिसांची गाडी दारात. याविरुद्ध पोरे-पोरी ओरडतात तेव्हा आपल्यातलेच शहाणे लोक म्हणतात, "शिकायला पाठवलंय, मोर्चे काढायला नाही. बंदोबस्त असला तर बिघडलं काय?" काय बिघडले ते आम्ही सांगतो.

23 जानेवारी 2024. कर्वेनगरपासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे फाटक आहे, रखवालदार आहेत. आदल्या दिवशी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली होती आणि विद्यार्थ्यांनी बाबरीची आठवण देणारा फलक लावला होता. बाहेरची टोळी आत घुसली, पोरांना मारले, फलक जाळला. फाटकाने कुणाला अडवले? मारणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला हे खरे, पण फलकासाठी मार खाणाऱ्यांवरही झाला.

दहा दिवस गेले. 2 फेब्रुवारीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात परीक्षेचे नाटक चालू होते. रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती, एवढाच विषय. अभाविपच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला. अटक कुणाला? विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. आणि ही अटक झाल्यावरही केंद्राची तोडफोड झालीच. ही मुले आपली नव्हती बरे का. रामलीलेचे नाटक करणारी, मराठी घरांतली पोरे. ज्यांना वाटते की वर्दी फक्त आपल्याच दाढी-टोपीकडे बघते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 2015 साली अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध 139 दिवस संप चालला. 18 ऑगस्टच्या मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना उचलून नेले. गुन्हा काय, तर संचालकांना घेराव. ज्या शहरात घेरावाला मध्यरात्री पोलीस येतात आणि भर दिवसा टोळी आली तर ते नंतर पोचतात, त्या शहरात 'सुरक्षा' या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

आपल्या मुलांना तर हा शब्द दुप्पट महाग पडतो. जर्मन बेकरीचा स्फोट 2010 चा, जंगली महाराज रस्त्यावरचे 2012 चे. त्यानंतर या शहरात भाडेकरूची पोलीस पडताळणी हा परवलीचा शब्द झाला. फॉर्म सगळ्यांना सारखाच, पण नाव वाचून खोली 'आत्ताच गेली' असे ऐकायला मिळते ते आपल्याच पोरांना. स्फोटात माणसे मेली, त्यांचे दुःख आम्हांलाही आहे. पण संशयावर धरलेल्यांचे पुढे काय होते तेही आम्ही पाहिले. 2006 च्या मालेगाव स्फोटांत धरलेले मुसलमान तरुण 2016 मध्ये आरोपमुक्त झाले. दहा वर्षे! एवढ्यात एक पोर बारावी होऊन डॉक्टर होते.

आणि मे 2025 मधली ती एकोणीस वर्षांची मुलगी. जम्मू-काश्मीरहून कोंढव्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला आलेली. ऑपरेशन सिंदूरवर इन्स्टाग्रामवर एक मजकूर टाकला, थोड्या वेळात काढला, माफीही मागितली. महाविद्यालयाने तिला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली, परीक्षेच्या दिवसांत ती येरवड्यात. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारचेही कान उपटले. तो मजकूर आम्हांला पटला की नाही, हा प्रश्नच नाही. आम्ही एवढेच विचारतो, लेकरू चुकले तर गुरुजी पहिल्यांदा कुणाला हाक मारतात? घरच्यांना की ठाण्याला?

आता लेकींच्या सुरक्षेचे. हा मुद्दा खोटा नाही. बापाची झोप उडते ती उगाच नाही. पण धोका येतो कुठून? ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला मारले गेले. दोषी ठरला तो कोलकाता पोलिसांचाच नागरी स्वयंसेवक. त्याला कुणी अडवायचे होते? तो तर अडवणाऱ्यांच्याच बाजूचा. चेंबूरच्या एका महाविद्यालयात ऑगस्ट 2023 मध्ये रखवालदारांनी अडवले ते बुरख्यातल्या मुलींना. पुढच्या वर्षी हिजाब, टोपीबंदीचे परिपत्रक निघाले, उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्टला हिजाब-टोपीपुरती स्थगिती दिली. वर्गातल्या बुरख्याला मात्र मुभा नाही. आमच्यापैकी काहींना बुरखा नको आहे, हमीद दलवाईंच्या याच पुण्यात ते आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण तो काढायचा की ठेवायचा हे फाटकावरच्या माणसाने ठरवावे, हे आम्हांला कबूल नाही.

त्या माणसावर आमचा राग नाही, हेही नोंदवून ठेवतो. ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभा राहणारा तो आपल्याच गावचा, कधी आपल्याच नात्यातला असतो. वरून हुकूम येतो, तो बिचारा रजिस्टर पुढे करतो.

हिंगणे म्हणजे आजचे हे कर्वेनगरच. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केले, समाजाने त्यांना वाळीत टाकले. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी संस्था काढली, 1900 मध्ये ती गावाबाहेर या माळावर आणली. त्या मुलींना धोका नव्हता? होता, आणि तो गावातल्या सभ्य माणसांकडून होता. बंदोबस्तासाठी त्यांना घरात कोंडायला सगळे तयारच होते. अण्णांनी त्यांना पुस्तक दिले, 1916 मध्ये याच हिंगण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. तेव्हाच्या बापांनी "गेट पक्कं आहे ना?" एवढेच विचारले असते तर?

2015 मध्ये जामिया मिल्लियात मुलींची रात्री बाहेर राहण्याची सवलत काढून घेतली गेली तेव्हा दिल्लीच्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत रस्ता धरला. आपल्याच नावाच्या विद्यापीठातून ती ठिणगी पडली. त्याच जामियाच्या वाचनालयात 15 डिसेंबर 2019 रोजी पोलीस लाठ्या घेऊन शिरले. दोन्ही गोष्टी आम्ही एकाच वहीत लिहून ठेवतो. मुलीला आठ वाजता आत घेणारे कुलूप आणि वाचनालयाच्या दारावरची लाठी वेगळ्या दुकानांतून येत नाहीत.

येत्या जूनमध्ये लेकीला घेऊन याल तेव्हा रेक्टरबाईंना विचारा. तिने रजिस्टरमध्ये लिहिलेली वेळ कोण वाचतो? क्यामेऱ्याचे चित्रण कुणाला दाखवले जाते, किती दिवस राहते? प्राचार्यांनी बोलावल्याशिवाय पोलीस आत येतात का? तक्रार समितीवर मुलींचा प्रतिनिधी आहे का? बाई वैतागतील. वैतागू द्या. आणि लेक शेजारी उभी असेल तर प्रश्न तिलाच विचारू द्या, अब्बा. उद्यापासून तिथे राहायचे आहे ते तिला.