पहिलं वर्ष रंगाचं नाही

जुनी गाडी विकत घेतली की बहुतेकांचा पहिला फोन पेंटरला जातो. नवा रंग, चकचकीत क्रोम, नवी सीट कव्हरं, जमलं तर एसी, आणि मग दसऱ्याला हार घालून फोटो. मला हा क्रम पूर्ण उलटा वाटतो. गाडी दारात आल्यानंतर पहिलं वर्षभर तिच्या रंगाला हात लावू नये. ते वर्ष गाडी ओळखण्याचं असतं. ओळख होण्याआधी केलेला खर्च बहुधा दोनदा करावा लागतो.

उदाहरणाला प्रीमिअर पद्मिनी घेतो, कारण महाराष्ट्रात जुनी गाडी घ्यायचं मनात आलं की बहुतेकांसमोर आधी तीच येते. कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने 1954 पासून फियाट 1100 बांधायला घेतली. पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी ती गाडी जुन्या माणसांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ म्हणून राहिली आहे. 1964 मध्ये डिलाइट आली, पुढे फियाटचा करार संपला, काही काळ प्रेसिडेंट हे नाव चाललं आणि 1974 मध्ये त्याच गाडीची पद्मिनी झाली. इंजिनाचा इतिहास तर त्याहून जुना आहे. 1089 सीसीचं हे इंजिन मुळात दान्ते जाकोसा यांनी घडवलेल्या 1937च्या फियाट 508सीचं. म्हणजे तुमची पद्मिनी 1990ची असली, तरी तिच्या इंजिनाची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आहे. ताकद जेमतेम 40 अश्वशक्तीच्या आसपास. मालक नियमितपणे ग्रीसगन हातात घेईल, तेल बघेल, टॅपेटचा आवाज ऐकेल, असं गृहीत धरून ती गाडी बनवलेली आहे. आजच्या गाड्यांनी आपली ही सवय मोडली आहे. ती पुन्हा लावून घेणं, हेच पहिल्या वर्षाचं काम.

सुरुवात ब्रेकपासून, आणि त्यात तडजोड नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत तर एकच हायड्रॉलिक सर्किट असे. म्हणजे एक होज फुटला की पेडल थेट जमिनीला टेकणार आणि हातात फक्त हँडब्रेक उरणार. विकणारा कितीही भरवशाचा असो, चारही ड्रम उघडायचे, लायनर बघायचे, व्हील सिलिंडर गळतोय का ते पाहायचं, सगळे रबरी होज बदलायचे आणि ब्रेक ऑइल पूर्ण नवं भरायचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदललेलं बरं, नाहीतर उतारावर ते तापून त्यात बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. टायरवर नक्षी शाबूत आहे म्हणून समाधान मानू नका. कडेला चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी न झिजताच म्हातारे होतात. चार आकडी तारीखच नसेल, तर तो टायर 2000च्या आधीचा समजा आणि त्याच दिवशी काढून टाका.

यानंतर पेट्रोलची वाट. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. ते आपल्याच उसाच्या मळीतूनही येतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या बाजूने मला त्याचं स्वागतच आहे. पण पद्मिनीची रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वॉशरं त्यासाठी बनलेली नव्हती. जुनं रबर त्यात फुगतं, भेगाळतं, आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकू लागतं. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्यातल्या कितीतरी अशा ठिबकण्यातून लागतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी ओल साचते, गंज सुटतो आणि तोच गंज जेटमध्ये अडकतो. म्हणून टाकी उतरवून धुवून घ्या, इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या टाका आणि मध्ये एक साधा फिल्टर बसवा. सगळा खर्च एका चांगल्या म्युझिक सिस्टिमपेक्षा कमी येतो.

मला सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग इग्निशनचा आहे, कारण इथे गाडी खरोखर बोलते. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉइल: इतकीच मंडळी. पॉइंट जळाले की गाडी धक्के देते. कंडेन्सर मरायला लागला की थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद. कॅपला बारीक तडा असेल तर पहिल्या पावसात सकाळी गाडी उठत नाही. प्लग काढून त्याचं टोक पाहिलं तर आत काय चाललंय ते कळतं. कोरडा काळा थर म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हमधून तेल वर येतंय, फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं जागेवर. फीलर गेज, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि टायमिंग लाइट इतक्यावर रविवारची सकाळ भरून जाते. मुलांना इंजिन म्हणजे काय ते शिकवायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आणि घाट. बोरघाटात एप्रिल-मेमध्ये फियाटवाले बॉनेट उघडून उभे असायचे, ते दृश्य पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला, त्यामुळे चढावर तो तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत इंधन पोचत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळाने गाडी चालू होते. हा उपाय आजही चालतो. मात्र दर घाटात फडकं लागत असेल, तर दोष रेडिएटरकडे शोधा. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं भरलं की आतून थर चढतो आणि हेड कुरतडलं जातं. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी यांचं मिश्रणच भरावं, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

एक सवय मात्र मी ठामपणे मोडायला सांगेन. गाडी रोज पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करायची, म्हणजे ती ‘चांगली राहते’, असा समज घराघरांत आहे. चोक ओढून चालवलेलं थंड इंजिन जादा पेट्रोल पितं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं, एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं आणि बॅटरी चार्जही होत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच काढा, पण अर्धा तास रस्त्यावर चालवा, इंजिन पूर्ण तापू द्या, चारही गिअर टाका. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा, हेही याच फेऱ्यांत अंगवळणी पडतं.

आता रंगाकडे येतो. मी वर्षभर थांबा म्हणतो ते एका पावसाळ्यासाठी. विक्रीसाठी सजवलेल्या जुन्या गाडीत पत्रा किती आणि खड्डे बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) किती हे वरून दिसत नाही. पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्याच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा संपलेला आहे. पण पाणी कुठून शिरतं ते चुंबक सांगत नाही, पाऊसच सांगतो. पुढच्या काचेच्या रबराखालून, डिकीच्या कडेने, दरवाज्याच्या तळाशी बुजलेल्या भोकांमुळे, कुठून कुठून ते येतं आणि मॅटखाली साचतं. पावसाळ्यात मॅट उचलून ठेवा, रोज हात फिरवा, ओल सापडेल तिथे खूण करा. कोकणात राहत असाल तर हे दुप्पट काळजीने. एवढं झाल्यावर डेंटिंगला दिलेली गाडी आतून बरी होते. आधी रंगवलेल्या गाडीला दोन वर्षांत फोड येतात, आणि मधल्या काळात इंजिन उतरवावं लागलं तर नव्या रंगावर ओरखडे पडतात ते वेगळेच.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूप फारसं न बदललेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो आणि नोंदणी 10 वर्षं चालते. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. चालवायची हौस असेल तर नेहमीची नोंदणी ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा. माझी पसंती चालवण्यालाच आहे.

शेवटी माणसांबद्दल. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. 20 वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023पासून ती बंद झाली. त्या टॅक्स्यांवर शेकडो फिटरांची रोजीरोटी चालत होती. कान लावून टॅपेट बसवणारी, किंगपिनचा खुळखुळाट चालत्या गाडीत ओळखणारी ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. कुर्ल्यात आहेत, पुण्यात आहेत, तुमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडमागेही एखादे असतील. तुमची नवी जुनी गाडी पेंटरकडे नेण्याआधी त्यांच्याकडे न्या. घासाघीस न करता मजुरी द्या, काम चालू असताना शेजारी उभे राहा, प्रश्न विचारा, त्यांची परवानगी घेऊन फोनवर चित्रण करून ठेवा. आणि हे याच महिन्यात करा.