निळ्या उजेडातलं तोंड
तंबाखूची चिमूट ज्या गालात रोज मुरते, तिथला कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. पांढरा चट्टा दिसतो, लालसर डाग दिसतो, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही आणि माणूस म्हणतो, 'तिखट लागलं असेल.' आता काही डॉक्टर खोलीतले दिवे मालवून तोंडात निळा प्रकाश टाकतात. निरोगी अस्तर त्यात फिकट हिरवं चमकतं, कारण पेशींतली काही द्रव्यं आणि खालचं कोलॅजन नावाचं प्रथिन निळा प्रकाश शोषून हिरवा परत देतात. पेशी बिघडू लागल्या की कोलॅजनची वीण उसवते आणि तेवढा भाग काळपट दिसतो. पण साधी सूज असली तरी तो तसाच दिसू शकतो, म्हणून या दिव्यावर फार भाळू नये. त्याहून बारकाईचं काम रामन परिणामावर चाललंय. रेणूंवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून परततो, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली दाखवलं. त्या बदलावरून ऊतीतल्या प्रथिनांचा, चरबीचा अंदाज बांधता येतो, तोही कापाकापी न करता. खारघरच्या 'ॲक्ट्रेक' या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगासाठी यावर बरंच संशोधन झालंय. पक्कं निदान मात्र अजूनही तुकडा काढून, बायॉप्सी करूनच होतं. आजाराचं कारण मात्र हाताशीच आहे: महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ सालची, तरी पुड्या टपरीवर मिळतातच. तेव्हा यंत्राची वाट पाहू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न गेलेला चट्टा साध्या उजेडातही दिसतो. तो डॉक्टरांना दाखवा.