रंगाच्या डब्यात काय आहे?

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की चाळीत, सदनिकेत आणि गावातल्या वाड्यातही एकच दृश्य दिसू लागते. सामान खोलीच्या मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या जातात, रंगारी शिडी लावतो आणि दारे-खिडक्यांवरचा जुना तेलरंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू लागतो. घरभर बारीक धूळ उडते. कोणीतरी ती झाडूने लोटते आणि मुले तिथेच बागडत असतात. सणाच्या गडबडीत या धुळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु घर सजविण्याच्या विषयात सर्वांत आधी विचार व्हावयास हवा, तो याच धुळीचा.

जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव मोठा असतो. रंग लवकर वाळावा, टिकावा आणि पिवळ्या-तांबड्या छटा उठून दिसाव्यात, म्हणून शिशाची संयुगे त्यात वर्षानुवर्षे घातली जात. शिसे पोटात गेले की लहान मुलांचे शरीर ते प्रौढांच्या चार-पाच पट शोषून घेते आणि त्याचा पहिला आघात वाढत्या मेंदूवर होतो. आकलन मंदावते, चित्त स्थिर राहत नाही आणि झालेली हानी बहुधा भरून येत नाही. वर्गात लक्ष नाही म्हणून बोल खाणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिसेच असते असे नव्हे. पण काहींच्या मागे ते असू शकते, हे शिक्षकांनी व पालकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. घरांच्या अंतर्भागात शिशाचा पांढरा रंग वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हा येथे १९२१ सालीच संमत झाला होता. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात पेट्रोलमधील शिसे २००० साली देशभर हद्दपार झाले, पण घराच्या भिंतीपर्यंत कायदा पोचावयास आणखी दीड तप लागले. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. शिशाचे प्रमाण या मर्यादेत असल्याचा उल्लेख डब्यावर असणेही बंधनकारक झाले. नियम चांगला आहे; परंतु त्याची धाव नव्या डब्यापुरतीच आहे. जुन्या चौकटींवर रंगाचे जे थर साचलेले आहेत त्यांना तो स्पर्श करीत नाही. शिवाय औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर आहेत आणि तसा डबा खिडकीच्या गजांसाठी घरात आणणारा ग्राहक ही गोष्ट क्वचितच जाणतो.

जी कथा रंगाची, तीच फळीची. स्वस्त प्लायवुड, भुशाच्या दाबीव फळ्या आणि एमडीएफ यांतील लाकूड बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या सरसाने जोडलेले असते. नव्या कपाटाचा जो उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, त्याला बहुतेक वेळा हाच वायू कारणीभूत असतो. उष्ण व दमट हवेत तो अधिक सुटतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवातील कर्करोगाचे कारण ठरविले. याच फळ्या पावसाळ्यात फुगतात आणि काही वर्षांतच भंगारात जातात. उलट सागवानी कपाट किंवा वेताची खुर्ची दुरुस्त करून दुसऱ्या पिढीला वापरता येते. जी वस्तू दुरुस्त होत नाही तिची स्वस्ताई केवळ खरेदीच्या दिवसापुरतीच असते.

मग सर्वांनी शेणाने सारवलेल्या जमिनीकडे परतावे काय? असा भाबडा सल्ला देण्यात अर्थ नाही. सारवण दर आठवड्याला पुन्हा करावे लागे आणि ते कष्ट बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येत. चुन्याचा हात कपड्यांना लागतो आणि वरचेवर द्यावा लागतो, हेही खरेच. तथापि चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही, भिंतीतला दमट ओलावा तो बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या डब्यात लपविण्याजोगे काही नसते. शहाबादी फरशी पन्नास वर्षे पायाखाली राहूनही पुन्हा घासून वापरता येते. गरिबीची खूण समजून ज्या वस्तू घराबाहेर काढल्या गेल्या, त्यांतील कित्येक आजच्या कसोटीवर उतरतात, एवढाच याचा अर्थ. बांबूचेही तसेच. खासगी जमिनीवरील बांबूला वनकायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून २०१७ मध्ये वगळण्यात आले. त्याचा लाभ घरातील वस्तूंपर्यंत पोचला पाहिजे.

मात्र निवडीचा सारा भार एकट्या ग्राहकावर टाकणे अन्यायाचे होईल. भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून भिंतीचा रंग निवडीत नसतो, आणि तयार सदनिका घेणाऱ्यास स्वयंपाकघरातील फळी कोणत्या सरसाची आहे हे कोणी सांगत नाही. माहिती मिळण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायद्याने १९८६ पासून दिला आहे आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. त्याला अर्थ यावयाचा असेल तर शाळा, अंगणवाड्या व दवाखाने यांच्या रंगकामाच्या निविदांत शिशाची मर्यादा स्पष्ट शब्दांत घातली गेली पाहिजे आणि बाजारातील डब्यांची तपासणी नियमितपणे होऊन तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले पाहिजेत. ज्या बाकांवर व झोपाळ्यांवर मुले हात टेकतात, त्यांच्यापासून ही सुरुवात व्हावी.

दरम्यान जे घरात करता येते त्याला खर्च फारसा नाही. जुना रंग सुस्थितीत असेल तर तो खरवडू नये. खरवडणे भागच पडले तर पृष्ठभाग ओला करून खरवडावा, मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, धूळ झाडूने न लोटता ओल्या फडक्याने पुसावी आणि रंगाऱ्याच्या तोंडावर चांगला मुखपट्टा असावा. ती धूळ सर्वांत आधी त्याच्याच छातीत जाते. दुकानात छटांचे पुस्तक चाळण्यापूर्वी डब्यावरील मजकूर वाचावा. घराची शोभा पाहुण्यांना दिसते. घरातील हवा मात्र घरच्यांना रोज घ्यावी लागते. त्यामुळे रंग कोणता, हे ठरविण्याआधी त्यात काय आहे, हे विचारावयास हवे.